छावणीबाहेर

२२ जानेवारी २०२५, बुधवार

ही वही दवाखान्यातल्या सविता सिस्टरांनी दिली. काय खाल्लं, पिशवी किती वेळा रिकामी केली, पातळ होतं की घट्ट, एवढंच लिहा म्हणाल्या. चौतीस वर्षं मी सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून दुसऱ्यांच्या गटारांचे रिपोर्ट लिहिले. आता स्वतःच्या गटाराचा लिहायचा.

काल दवाखान्यातून भिंगारला घरी आलो. कॅन्सर शौचाच्या जागेशीच होता. तो भाग काढला आणि खालचं दार कायमचं शिवून टाकलं. आता पोटावर डावीकडे एक भोक आहे. त्यातून आतड्याचं टोक बाहेर काढलंय. लाल, ओलं, आणि माझ्या परवानगीशिवाय हलणारं. त्यावर चकती चिकटवून पिशवी लावायची. जे यायचं ते कधीही येतं, जेवताना, बोलताना, प्रार्थना करताना. मरेपर्यंत असंच.

टाके सुकले आणि वजन भरलं की केमोची सलाईनं सुरू करणार. मला त्यात रस नाही.

२५ जानेवारी, शनिवार

आज पहिल्यांदा स्वतः पिशवी बदलायची होती. चकती अर्धी निघाली आणि मला ओकारी आली. वॉशबेसिनही गाठता आलं नाही. पुढचं सगळं माझ्या बायकोनं, चांगुणानं केलं. कोमट पाण्यानं पुसलं, कात्रीनं नव्या चकतीला मापाचं भोक पाडलं, चिकटवलं. तिला किळस आली नाही का, असं विचारलं. ती म्हणाली, "तीन पोरं काढली मी." आणि फरशी पुसायला लागली.

पोरांचं वेगळं. माझं वय चौसष्ट आहे.

माझे आजोबा रंभाजी. त्यांचंच नाव मला ठेवलं. खर्ड्याकडच्या गावात ते मेलेली जनावरं ओढायचे. गावानं त्यांना घाण म्हटलं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. वडील मिशनच्या शाळेत शिकले, कंपाउंडर झाले. मी रोज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून भिंगारच्या बाजारात खाटकांना आणि हॉटेलवाल्यांना स्वच्छता शिकवली. माझ्यासमोर लोक टेबल पुसायचे. तीन पिढ्यांत एवढं अंतर कापून शेवटी घाण माझ्या शर्टाच्या आतच येऊन बसली.

३० जानेवारी, गुरुवार

चर्चच्या मंडळीतली माणसं भेटायला येतात. प्रत्येकजण बायबलमधलं एक वचन घेऊन येतो, लग्नात पाकीट आणावं तसं. गरुडाचे पंख, हिरवी कुरणं, संथ पाणी. एकानं तर वचन छापलेलं कॅलेंडर आणून भिंतीला लावलं आणि लावताना श्वास रोखून धरला होता. मला कळलं. माणूस श्वास रोखतो तेव्हा त्याचा आवाज कसा येतो हे मी नोकरीत हजारदा ऐकलंय.

चाळीस वर्षं हीच वचनं मी दुसऱ्यांच्या खाटेशी उभं राहून म्हटली. आता त्यांचा वीट आला. माझ्या पोटावर जे आहे त्याबद्दल गरुडाला काय माहीत.

एक उपाय सापडलाय. कमी खाल्लं की कमी येतं. काल दिवसभर अर्धी वाटी भात आणि चहा. पिशवी एकदाच रिकामी केली. चांगुणा ताट उचलताना माझ्याकडे बघत राहिली.

२ फेब्रुवारी, रविवार

महिन्याचा पहिला रविवार म्हणजे आमच्याकडे प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि प्याला वाटून घ्यायचा. बावीस वर्षं मंडळीचा पंच, म्हणजे कारभारी म्हणून भाकरीचं ताट माझ्या हातात असायचं. आज ते भीमराजनं धरलं असेल. तो माझ्याहून लहान पंच, कामाला चोख. मीच तयार केलेला.

आमच्या चर्चचे पाळक उपासनेनंतर घरी आले होते. भाकर आणि प्याला घरीच देऊ का, म्हणाले. मी झोपल्याचं सोंग घेतलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दवाखान्यात तपासणी. वजन पावणेसहा किलो उतरलं. डॉक्टर म्हणाले, असं असेल तर केमो देता येणार नाही, आणि नाही दिली तर पुढचं तुम्हाला माहीत आहे. सविता सिस्टरांनी वही उघडली आणि खाण्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. उपाशी राहून मरायचं असेल तर माझी वही परत करा, म्हणाल्या. मग मला बाजूच्या खोलीत नेलं. तिथे एक माणूस खाटेवर बसला होता. त्याच्याकडून शिकून घ्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

गोरक्षनाथ. श्रीगोंद्याकडचा, टेम्पो चालवतो. सहा वर्षांपासून पिशवी आहे. तोंडात तंबाखू. त्यानं माझ्यासमोर शर्ट वर केला, पिशवी काढली आणि गप्पा चालू असतानाच नवी लावली. तेवढ्यात ते टोक फुसकन वाजलं.

"ह्याचं नाव सरपंच ठिवलंय मी," तो म्हणाला. "कुनाचं ऐकत न्हाई, आन भर सभंत बोलतो."

मला त्याचीही शिसारी आली. असल्या गोष्टीवर हसणारा माणूस मला कधीच आवडला नाही. पण त्याचे हात मी बघितले. चकती दोन्ही तळव्यांत धरून गरम करून घेत होता, म्हणजे घट्ट बसते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी ख्रिस्ती आहे हे कळल्यावर त्यानं विचारलं, "तुमच्या शास्त्रात ह्या भानगडीबद्दल काय लिव्हलंय का? आमच्या म्हाराजांना इचारलं, तर ते म्हनले असलं बोलू नये."

मी म्हटलं, नाही. शास्त्र पवित्र आहे.

"बघा तरी," तो म्हणाला, आणि माझा नंबर घेतला.

८ फेब्रुवारी, शनिवार

बघितलं. त्याला खोटं ठरवायला म्हणून बघितलं.

बायबलच्या सुरुवातीला, मोशेच्या नियमशास्त्रात सापडलं. सैन्यानं तळ टाकला की शौचासाठी छावणीबाहेर जागा ठेवावी. प्रत्येकानं हत्यारांबरोबर एक खुरपं बाळगावं, खड्डा खणावा, आणि उठताना घाण मातीनं झाकावी. कारण देव छावणीतून फिरत असतो.

हे मी पूर्वी वाचलेलं असणार, पण नजर वरून गेली असणार. आज दोनदा वाचलं. बिनसहीचा माझ्याच खात्याचा हुकूम. देव छावणीतून फिरतोय आणि पायाखाली बघून चालतोय, हे डोळ्यांसमोर आलं आणि मला हसू फुटलं. टाके दुखेपर्यंत हसलो. चांगुणा कणकेच्या हातानं धावत आली. काय झालं ते मला सांगता येईना. ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे पाण्यानं भरले होते. कांदा चिरत असावी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हसू फार टिकलं नाही. त्याच नियमशास्त्रात मागे मागे जात होतो. याजकांबद्दलचा, म्हणजे वेदीवर अर्पण करणाऱ्या पुजाऱ्यांबद्दलचा भाग लागला. ज्याच्या अंगात व्यंग असेल, आंधळा, लंगडा, मोडक्या हाताचा, खरजेचा, त्यानं वेदीजवळ येऊ नये. लांबलचक यादी आहे. यादी कशी करतात ते मला माहीत आहे, मीही करायचो. त्यात माझं व्यंग नाव घेऊन नाही एवढंच.

पुस्तक मिटलं. देवाचीही किळस आली, हे लिहून ठेवतो. वहीत खरं लिहा असं सिस्टर म्हणाल्या होत्या.

आज खाणं: चहा दोनदा. बिस्किटं दोन.

१७ फेब्रुवारी, सोमवार

भीमराज आला होता. बराच वेळ हवापाण्यावर बोलला. मग म्हणाला की दोन मार्चच्या प्रभुभोजनाला तुम्ही यावं अशी सगळ्यांची इच्छा आहे, फक्त मंडळीत लहान मुलं असतात, वयस्कर असतात, कुणाला त्रास नको. "वऱ्हांड्यात बाकडं टाकून देतो. भाकर बाहेर आणून देईन मी स्वतः. तुम्हीच भिमाबाईसाठी केली होती तशी सोय."

भिमाबाई म्हणजे आमच्या मंडळीतली एक विधवा. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तिच्या लघवीवर तिचा ताबा नव्हता आणि ती बसून गेली की बाक ओला राहायचा. तक्रारी माझ्याकडे आल्या. मी तिच्या घरी जाऊन, आवाज न चढवता, समजावून सांगितलं आणि वऱ्हांड्यात बाकडं ठेवलं. ती तीन वर्षं तिथे बसली, मग यायची बंद झाली. कमिटीत माझं कौतुक झालं होतं, इतकं नाजूक प्रकरण कुणाला न दुखवता मिटवलं म्हणून.

भीमराजचं काही चूक नाही. तो माझ्यासारखाच वागला. मी हो म्हटलं.

तो गेल्यावर भाताचा एकही घास गिळवला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गोरक्षनाथचा फोन. कांदा भरून नगरच्या मार्केटला आला होता आणि रांगेत उभा होता. शास्त्रात सापडलं का, विचारलं. मी खुरप्याचं सांगितलं. तो एवढा हसला की शेजारच्या टेम्पोवाल्यालाही त्यानं ते सांगितलं. देवाला पायाखाली बघावं लागतं म्हटल्यावर मला बरं वाटलं, म्हणाला.

मग मीच त्याला व्यंगांची यादीही सांगितली. त्याचं हसू बंद व्हावं म्हणून सांगितली असेल.

त्याच्या मागे रांगेतले हॉर्न वाजत होते. मग त्यानं विचारलं, "पुढं?"

पुढं काय, मी म्हटलं. पुस्तक मिटलं मी.

"आवो, पुढचं वाचा की. अर्ध्यात गाडी लावून कुनी जातं का?"

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पुढची ओळ वाचली. अशा माणसानं वेदीजवळ येऊ नये, पण त्यानं आपल्या देवाची भाकर खावी. पवित्रातली खावी आणि परमपवित्रातलीही खावी.

वाढायचं नाही, पण खायचं. भाकर कुणी बंद केलेली नाही त्याची. चौसष्ट वर्षांत मला हे कुणी दाखवलं नाही, किंवा दाखवलं तेव्हा मला गरज नव्हती. त्या यादीतला कुणीतरी लंगडा, खरजेचा याजक मंडपात मागे बसून खातोय असं मी बराच वेळ बघत बसलो.

दुपारी चांगुणाला म्हटलं, भाकरी कर. दीड भाकरी खाल्ली, गवारीच्या भाजीबरोबर. तिनंही माझ्याबरोबर ताट वाढून घेतलं आणि भराभर जेवली. टोपलीतल्या कालच्या भाकरी तशाच होत्या. म्हणजे काल तीही जेवली नव्हती. का, ते विचारायचं राहिलं.

सायंकाळी पिशवी तीनदा भरली. घाणच. पण वास भाकरीचा आहे असं स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

रोज दोन-तीन पानं वाचतो. चांगलं वाटावं म्हणून नाही. आता शोधायची सवय लागली आहे, कुठे काय लपलंय ते बघायची.

आज येशूच्या तोंडी संडास सापडला. शिष्यांनी हात न धुता जेवण केलं म्हणून धर्मातली मोठी माणसं भांडायला आली होती. मी असतो तर त्यांच्याच बाजूनं असतो. तर येशू म्हणतो, बाहेरून आत जातं त्यानं माणूस विटाळत नाही. ते पोटात जातं आणि तिथून संडासात. विटाळतं ते मनातून बाहेर येतं ते.

हे वाक्य पाळकांनी कधी सावकाश वाचलेलं आठवत नाही. त्यांनाही लाज वाटत असेल. मला मात्र बरं वाटलं. जे माझ्या पिशवीत आहे त्याच्याबद्दल तो बोलला आणि ते साधं आहे म्हणाला. मनाचं पुढचं वाक्य आपल्याला लागू नाही. आपण कुणाचं वाईट चिंतलेलं नाही.

वजन सव्वा किलो वाढलं. पहिली केमो दहा तारखेला.

२ मार्च, रविवार

वऱ्हांड्यातल्या बाकड्यावर बसलो.

हे तुकड्यातुकड्यानं लिहितो, कारण एकदम लिहवत नाही. चप्पल-बुटांचे ढीग समोर. त्यांचा वास. चर्चमागच्या गल्लीतून गटार जातं. मी नोकरीत असताना त्याच्यावर झाकण टाकायचं राहून गेलं होतं, ते अजून उघडं आहे. एक कुत्रं येऊन माझ्या पायाशी बसलं. आत गाणं झालं ते ऐकू आलं. मग पाळक वाचायला लागले. त्यातलं एक अक्षर बाहेर येत नव्हतं, नुसती घुमघुम. मी खिडकीकडे सरकलो. तिथे आतल्या बाजूला एक म्हातारा बसला होता. त्यानं मला बघितलं, उठला आणि खिडकी लोटून घेतली.

सगळ्यांचं झाल्यावर भीमराज ताट घेऊन बाहेर आला. तळाला दोन तुकडे आणि चुरा होता. त्यानं ताट लांबून पुढे केलं, हात ताणून. मीही भिमाबाईपुढे तसंच करायचो, तीन वर्षं, दर महिन्याला. त्याला वाटलं असेल मला दिसत नाही. तिलाही दिसत होतं.

मी तुकडा घेतला, पण खाल्ला नाही.

घरी येऊन आरशासमोर शर्ट काढला. पिशवी बघितली. आज तिची किळस आली नाही. ज्याची आली तो पिशवीच्या वर होता, चष्मा लावलेला. मनाचं पुढचं वाक्य मी गुरुवारी किती सहज ओलांडलं होतं.

५ मार्च, बुधवार

भिमाबाईकडे गेलो. बाजारामागच्या गल्लीत भाच्याच्या घरी असते. पडवीत खाट, खाटेवर पोतं, त्यावर प्लास्टिक. वास मला दारातच लागला आणि माझं नाक आपोआप आकसलं. बारा वर्षं झाली, नाक तेच आहे. मी रुमाल काढला नाही, एवढंच करू शकलो.

तिनं मला ओळखलं. "इनिस्पेक्टर," म्हणाली.

काय बोलायचं ते मी रस्त्यात ठरवलं होतं, ते सगळं विसरलो. म्हटलं, तुम्हाला बाहेर बसवलं ती माझी चूक झाली.  मग म्हटलं, तुमचा आजार काय होता तेसुद्धा मला माहीत नव्हतं.

"तुमी इचारलंच न्हाई," ती म्हणाली. तिसरं बाळंतपण अडलं होतं. मूल गेलं आणि तेव्हापासून लघवी थांबली नाही. तेव्हा तिचं वय सव्वीस. आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. हे तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

मग मी माझं सांगितलं. तिनं दाखवायला सांगितलं. मी पडवीत उभा राहून शर्ट वर केला. चांगुणा आणि दवाखाना सोडून कुणाला दाखवलं नव्हतं. भिमाबाईनं वाकून नीट बघितलं.

"दुखतं का?"

नाही म्हटलं.

"मंग बरंय."

माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. निघताना तिनं हाक मारली. तिला वाचता येत नाही. "बाहीर बसल्यावर गानं ऐकू यायचं, वाचन न्हाई यायचं. तीन वर्सं काय वाचलं ते मला ठाव न्हाई. ते तेवढं वाचून दावा." त्याच कारणानं ती यायची बंद झाली. बाकड्यामुळे नाही.

कमिटीच्या वहीत तिच्या गैरहजेरीपुढे मी लिहिलं होतं: प्रकृतीच्या कारणास्तव.

१९ मार्च, बुधवार

दर बुधवारी भिमाबाईला वाचून दाखवायला जातो. पहिली केमो झाली. तोंडाला लोखंडाची चव येते आणि मळमळ थांबत नाही. तिच्या पडवीतल्या वासानं ती वाढते. दोनदा मध्येच उठून बाहेर जाऊन ओकलो. ती पाणी देते. आमचं वाचन असंच चालतं.

आज एक पान मी मुद्दाम सोडलं. बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईचं. म्हातारीला अवघड वाटेल म्हणून. पुढचं वाचायला लागलो तर तिनं थांबवलं.

"एक सोडलीत तुमी. रगत जानारीची. ती मला म्हाईत हाय, लहानपनी ऐकलीया. वाचा ती."

वाचली. गर्दी होती. तिनं मागून येऊन येशूच्या कपड्याला हात लावला. मला कुणी शिवलं, असं त्यानं विचारलं. ती थरथरत पुढे आली आणि खरं ते सगळं सांगितलं.

भिमाबाईनं विचारलं, "तिला कुनी बाहीर बसवली न्हवती का?"

बसवली असणार, मी म्हटलं. तसा नियमच होता. ती नियम मोडून गर्दीत घुसली.

"आन त्यानं हाकलली न्हाई."

नाही. तिला ‘मुली’ अशी हाक मारली त्यानं.

ती पोत्यावर हात फिरवत बसली. मग म्हणाली, "मंग पुढल्या भोजनाला मी पन घुसते."

एकदम असं कसं ठरवलं तिनं, मला कळलं नाही. मी तर फक्त वाचलं होतं.

२९ मार्च, शनिवार

आम्ही दोघं आत बसणार ही बातमी भीमराजला लागली. तो सकाळीच आला. रागावलेला नव्हता, काळजीत होता. आधी तुम्ही एकटे होता तर सोय करता आली, आता दोघं म्हणजे लोक उठून जातील, असं त्याचं म्हणणं. बाकांवर प्लास्टिक टाकायचं का, मागे पंखा लावायचा का, असं बरंच विचारत होता. शेवटी म्हणाला, अशांना वऱ्हांड्यात बसवायचा कमिटीचा ठराव आहे.

"ठराव मी लिहिला होता," मी म्हटलं. "तो चुकीचा होता. मी हे कमिटीला लेखी दिलंय."

 मग त्यानं विचारलं की खरं सांगा, वास येतो ना. मी म्हटलं, येतो. मलाही येतो. तिचा मला येतो, माझा तिला येत असेल. येत नाही असं तुला कुणी म्हणायला सांगितलेलं नाही.

चहा न पिता गेला.

६ एप्रिल, रविवार

सकाळपासून ऊन. घामानं चकती सुटते म्हणून चांगुणानं कडेनं पट्टी लावली, आणि भिमाबाईला आमच्याकडेच आणून अंघोळ घातली, जुन्या लुगड्याच्या घड्या करून दिल्या. दोघी न्हाणीघरात कशावर तरी हसत होत्या. रिक्षानं गेलो.

आत शिरलो आणि तिसऱ्या बाकावर बसलो. पुढच्या बाकावरचं कुटुंब उठून पलीकडे गेलं. मागचे दोघंही गेले. बाकीचे बसून राहिले. पाळकांनी वाचलं तेव्हा भिमाबाई मान पुढे काढून ऐकत होती. चुकलेला एखादा शब्द तिनं ओठातल्या ओठात सुधारला.

भाकरीआधी शांत प्रार्थना असते. पंखेसुद्धा बंद करतात. त्या शांततेत माझं पोट बोललं. चांगलं लांब. आणि पाठोपाठ मला ओलं लागलं. पट्टीसकट चकती सुटली होती. वास यायला वेळ लागला नाही. माना वळल्या, आणि वळल्या त्या सगळ्या भिमाबाईकडे.

तिनं डोळे उघडले. "ह्या बारीला मी न्हाई," ती म्हणाली. सगळ्या चर्चला ऐकू गेलं.

मी उभा राहिलो. बावीस वर्षं मी तिथे उभा राहून सूचना दिल्या आहेत. पांढऱ्या शर्टावर डाग पसरत होता.

"माझं आहे," मी म्हटलं. "माझी पिशवी सुटली आहे. बदलून येतो."

भीमराज ताट घेऊन आमच्या बाकापर्यंत आला होता. त्याच्या घशाशी उमासा येत होता, मला स्पष्ट दिसत होता. त्याचे डोळे पाणावले होते त्या वासानं. तो मागे सरला नाही. हात ताणलाही नाही. बाकाला मांडी टेकवून उभा राहिला आणि ताट भिमाबाईपुढे धरलं. तिनं दोन तुकडे घेतले.

मी मागच्या मोरीत गेलो. चांगुणा पिशवी आणि कोरा शर्ट घेऊन आली होती. पण आज मी तिला दाराबाहेर थांबायला सांगितलं आणि स्वतः बदललं. पुसलं, तळव्यात चकती गरम केली, लावली. ओकारी आली, ती येऊ दिली, आणि पुन्हा काम केलं. दहा मिनिटं लागली असतील.

परत आलो तेव्हा शेवटचं गाणं चालू होतं. भिमाबाईनं मूठ उघडली. माझ्या वाटणीचा तुकडा तिच्या तळहातावर होता, घामानं मऊ झालेला.

"हात धुतले का?" तिनं विचारलं.

धुतले म्हटलं.

तिच्या तळहाताकडे मी बघितलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. बघितलं. नखांकडेही बघितलं. मग तुकडा घेतला आणि खाल्ला.